बोटीवरची पंगत : ‘कोट लागतो का हो?’

गेल्या अंकात क्रूझची केबिन कशी निवडावी यावर लिहिलं होतं आणि शेवटी ‘जेवणाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर कळवा’ अशी एक ओळ टाकली होती. पत्रं आली, पण त्यांत जेवणापेक्षा कपड्यांचीच काळजी जास्त. मला ते वाचून जरा वाईट वाटलं. बावीस वर्षं मी प्रवासी बोटींच्या डायनिंग रूममध्ये काढली. सावंतवाडीहून निघालो, दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकलो, असिस्टंट वेटर म्हणून पहिल्यांदा साइन ऑन झालो, म्हणजे बोटीच्या नोकरीवर चढलो, आणि शेवटची सहा वर्षं डायनिंग रूमच्या दारात उभं राहून पाहुण्यांना टेबलापर्यंत नेण्याचं काम केलं. त्या दारापर्यंत येऊन कपड्यांच्या धास्तीने मागे फिरलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला.

मुलगी अमेरिकेत असते. तिने मायामीहून सुटणाऱ्या कार्निव्हलच्या बोटीचं सात दिवसांचं तिकीट काढलंय. कागदावर दोन ‘एलिगंट नाइट’ लिहिल्या आहेत. ह्यांचा सूट मुलीच्या लग्नातला, आता अंगात शिरत नाही. नवा शिवावा का? ह्यांचं म्हणणं, त्या दोन रात्री आपण वर बुफेत जेवू, कशाला ती कटकट. — एक वाचक, चिंचवड

ताई, सूट शिवू नका. ते पैसे मायामीला उतरल्यावर नातवंडांसाठी खर्च करा.

कार्निव्हलमध्ये सहा दिवस किंवा त्याहून मोठ्या सफरीत दोन एलिगंट रात्री असतात, त्याहून लहान असेल तर एक. पण एलिगंट म्हणजे सूट आणि टाय असा अर्थ नाही. पुरुषांनी चांगली पूर्ण लांबीची पँट आणि कॉलरचा शर्ट घातला की झालं. हौस असेल त्याने सूट घालावा, टक्सिडो म्हणजे बो-टायबरोबरचा काळा समारंभी सूट घालावा, कोणी नको म्हणत नाही. काकांकडे नेहरू जाकीट असेल, तर ते पांढऱ्या शर्टावर घालू द्या. पायात बंद बूट. तुम्ही साडी नेसा. साडी नेसलेल्या बाईला डायनिंग रूमच्या दारात कोणी कपड्यांवरून हटकल्याचं बावीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

आता बुफेबद्दल. वरच्या डेकवर बुफे असतो, कार्निव्हलवाले त्याला लीडो म्हणतात, रॉयल कॅरिबियनवर त्याचं नाव विंडजॅमर. एलिगंट रात्रीसुद्धा तिथे साध्या कपड्यांत जाता येतं. शिवाय कार्निव्हलच्या बहुतेक बोटींवर गायज् बर्गर आणि ब्लू इग्वाना ही मेक्सिकन पदार्थांची टपरी आहे, दोन्ही तिकिटातच धरलेली, पण ती मुख्यतः दुपारची ठिकाणं. पिझ्झा रात्री उशिरापर्यंत मिळतो. म्हणजे कोट नाही म्हणून उपाशी राहायची वेळ कोणावरही येत नाही, एवढं आधी मनातून काढून टाका.

तरी माझं ऐकाल, तर त्या दोन रात्री खालीच जेवा. मुख्य डायनिंग रूमचं जेवण तुम्ही तिकिटात भरलेलंच असतं. तिथे टेबलावर पांढरं कापड असतं, गरम ताट तुमच्यासमोर येतं, आणि तिसऱ्या दिवशी वेटरला तुमच्या चहाची चव पाठ झालेली असते. बुफेत ट्रे घेऊन रांगेत उभं राहायला काही कमीपणा नाही, दुपारी मीही तेच सुचवतो. पण सात दिवसांत निदान तीन-चार रात्री कोणीतरी तुम्हाला वाढावं, तुम्ही नुसतं बसावं, यासाठीच तर लेकीने हा खर्च केलाय ना?

एक जोडपं मी कधी विसरणार नाही. कॅरिबियनमधलीच सफर, दुसरी रात्र, म्हणजे फॉर्मल, तुमच्या एलिगंटसारखीच नटून येण्याची. जिन्यावर फोटोग्राफर पडदा लावून उभा, खाली बो-टाय लावलेली मंडळी फोटोसाठी खोळंबलेली. त्या गर्दीच्या मागे एक वयस्क गृहस्थ, अंगात पांढरा बुशशर्ट, बाहीवर इस्त्रीची घडी इतकी ताठ की लांबून दिसावी. शेजारी बाई, अंगावर जांभळी नारायणपेठी. दोघं दारापर्यंत आले, आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि वळले. बाईंनी जाता जाता एकदा मागे वळून झुंबराकडे पाहिलं, म्हणून माझं लक्ष गेलं. दारावरची जागा सोडायची नसते, पण मी सोडली. लिफ्टपाशी गाठून म्हटलं, “काका, जेवायचं नाही का?” मराठी ऐकून ते थबकलेच. म्हणाले, “आम्ही वरच जेवतो. आमच्याकडे कोट नाही.”

मी त्यांना आत नेलं, खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर बसवलं. त्या बुशशर्टात काहीही कमी नव्हतं, त्या बोटीचा नियम तेवढाच होता. गॅलीतला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातला, एक स्वयंपाकी रत्नागिरीचा. त्याने डाळ आणि बटाट्याची भाजी पाठवली. मग ती दोघं शेवटपर्यंत रोज आली. जाताना काका म्हणाले ते माझ्या मनातून जात नाही. “पहिल्या रात्रीपण आम्ही दारापर्यंत येऊन परत गेलो होतो.” पहिली रात्र तर बहुतेक सगळ्याच बोटींवर साधी असते! त्या रात्री अर्ध्या लोकांच्या बॅगा केबिनमध्ये पोचलेल्याच नसतात, हमाल मंडळी जेवणाच्या वेळेपर्यंत त्या वाटत असतात. त्यामुळे बंदरावर आला तसा माणूस जेवायला बसतो. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ताई, काकांना हे पत्र वाचून दाखवा.

मी नाशिकची. आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. बोटीवर आमचं जेवणाचं काय? बुफेत निदान डोळ्यांनी बघून घेता येईल असं वाटतं. — एक वाचक, नाशिक

नेमकं उलट आहे. तुमच्यासाठी टेबलावरचं जेवण जास्त सुरक्षित.

बुफेत चिमटे इकडचे तिकडे होतात. मागचा माणूस चिकनच्या भांड्यातला चिमटा पनीरच्या भांड्यात ठेवून जातो. पदार्थावरच्या पाटीवर ‘व्हेज’ लिहिलेलं असलं, तरी पाश्चात्त्य गॅलीत भाजीच्या सूपला चिकनचं पाणी असणं ही रोजची गोष्ट. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाची मासळी असते. मूस नावाच्या थंडगार गोड पदार्थात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असू शकतं. परमेजान चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पूर्वेकडच्या बोटींवर परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस येतो. यातलं काहीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

डायनिंग रूममध्ये मात्र एक पद्धत आहे, आणि ती वापरणारे आपले लोक फार थोडे. आधी बुकिंग करतानाच ‘जैन’ किंवा ‘व्हेजिटेरियन, नो अनियन, नो गार्लिक’ असं लेखी कळवा. मग पहिल्या संध्याकाळी टेबलावर बसल्याबरोबर हेड वेटरला बोलवा. वेटरला नाही, हेड वेटरला. त्याला सांगा. तो रोज गोड खाऊन झालं की दुसऱ्या दिवसाचा मेन्यू तुमच्यापुढे आणेल, तुम्ही त्यातून निवडायचं, आणि ते आदल्या रात्रीच गॅलीत लिहून जातं. असं आधी का? कारण गॅलीत सॉस आणि ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत होतात. रात्री आठला ‘यातला कांदा काढा’ म्हटलं, तर काढणार कसा? पण सकाळी चिठ्ठी असली, तर तुमच्या वाटणीचं वेगळ्या भांड्यात शिजतं.

इंग्रजीत ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की समोरचा अंडं धरून चालतो, कधी मासेसुद्धा. म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं तीन वेळा तोडून सांगा. लाजू नका. सांगणाऱ्या पाहुण्याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. न सांगता अर्धं ताट परत पाठवणाऱ्या पाहुण्याने मात्र रात्रभर झोप उडवली आहे, की आपण काय चुकलो.

अनेक बोटींच्या गॅलीत आपली माणसं असतात, गोव्याची तर हमखास. गोव्यात आम्हा बोटवाल्यांना ‘तारवटी’ म्हणतात, कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या तारवटी. तेव्हा डाळ-भात मागायला अजिबात संकोच नको. सिंगापूरहून सुटणारी गेंटिंग ड्रीम किंवा मुंबईहून सुटणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस घेतलीत, तर हा प्रश्न बराच सोपा होतो, तिथे जैन जेवणाची सवय आहे.

घरून न्यायचं असेल, तर दुकानातला बंद पाकिटातला चिवडा, खाकरा चालतो. घरी शिजवलेलं नेऊ नका, बंदरावर काढून घेतात. आणि बुफेतलं केळं पर्समध्ये टाकून परदेशी बंदरावर उतरू नका. फळं-भाज्यांबद्दल तिथले कायदे कडक असतात आणि दंड होतो.

आम्ही सहा मित्र सिंगापूरहून तीन रात्री जातोय. सगळ्यांच्या बॅगेत हाफ पँट आणि टी-शर्टच. चालेल ना? — एक वाचक, ठाणे

दिवसा बिनधास्त. डेकवर, बुफेत, नाश्त्याला कोणी काही म्हणणार नाही. फक्त ओल्या स्विमिंगच्या कपड्यांत आणि अनवाणी खाण्याच्या जागी जायचं नाही, हा नियम सगळीकडे आहे, आणि तो नुसत्या शिष्टाचाराचा नाही. ओल्या फरशीवर गरम ताटं घेऊन आम्ही धावत असतो.

रात्रीच्या डायनिंग रूमसाठी प्रत्येकाने एक पूर्ण पँट, एक कॉलरचा टी-शर्ट आणि बूट घ्या. तेवढं बॅगेत मावतं. बिनबाह्यांचा बनियन आणि टोपी घालून टेबलावर बसू नका.

मुलीने विचारलंय, जेवणाची वेळ साडेपाचची हवी, सव्वाआठची की ‘एनी टाइम’? साडेपाच ही तर आमची चहाची वेळ! — एक वाचक, मडगाव

बरोबर बोललात, साडेपाच ही आपली चहाचीच वेळ. अमेरिकन मंडळी त्या वेळेला खरोखर जेवतात. घरात लहान मुलं किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारं कोणी असेल तरच लवकरची वेळ घ्या. एरवी दुसरी.

ठरलेल्या वेळेत रोज तेच टेबल, तोच वेटर, तेच शेजारी. थिएटरमधला कार्यक्रमही त्या हिशेबाने दोनदा होतो, आधी जेवणारे नंतर बघतात, नंतर जेवणारे आधी. ‘एनी टाइम’मध्ये तुमच्या सोयीने जायचं, पण सातच्या सुमाराला दारात रांग लागते आणि रोज नवा वेटर मिळू शकतो. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणून ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि फॉर्मल रात्रीची सक्ती ही तिन्ही काढून टाकली. तेव्हा आम्हा जुन्या वेटर लोकांना वाटलं होतं, आता संपलं सगळं. तसं झालं नाही. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही थोडंथोडं सैल केलं, सेलिब्रिटी कंपनीने तर फॉर्मल नाइट हे नाव काढून ‘ईव्हिनिंग शिक’ आणलं.

तुम्ही दोघंच आहात आणि बोलायची आवड आहे असं पत्रावरून वाटतं. ठरलेली वेळ आणि सहा किंवा आठ जणांचं टेबल मागा. सोबत मिळेल.

आम्ही लेस्टरला असतो. सासू-सासरे कोल्हापूरहून येताहेत, त्यांना घेऊन साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ‘क्वीन मेरी २’ने जायचं ठरलंय. दोन ‘गाला ईव्हिनिंग’ आहेत, ब्लॅक टाय लिहिलंय. सासरे म्हणतात मी आयुष्यात टाय बांधली नाही, आता बांधणार नाही. सासूबाईंना पैठणी न्यायची आहे, पण इस्त्रीची काळजी. — एक वाचक, लेस्टर

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण क्वीन मेरी २ चालवणारी क्युनार्ड ही या बाबतीत खरंच वेगळी कंपनी. मी त्यांच्या बोटीवर कधी काम केलं नाही, पण तिथून आलेल्या सहकाऱ्यांकडून आम्ही टेबल लावायला शिकलो.

पूर्वी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला तयार होऊन येण्याची रीत होती. फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्री नाही, कारण त्या रात्री पेटारे बांधलेले. आजच्या क्रूझवरची फॉर्मल नाइट हे तिचंच उरलेलं रूप. क्वीन मेरी २ ही २००४ पासून त्याच मार्गावर फिरते, आणि तिथे सात रात्रींच्या प्रवासात दोन गाला रात्री असतात. त्या रात्री संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बहुतेक भागांत टक्सिडो किंवा गडद सूट आणि टाय, बायकांना लांब गाऊन किंवा तसाच सणासुदीचा पोशाख अपेक्षित असतो.

पण त्याच नियमात ‘राष्ट्रीय पोशाख’ही चालतो असं लिहिलेलं आहे. स्कॉटलंडचे पुरुष घागऱ्यासारखा किल्ट घालून येतात, आणि मान उंच करून येतात. सासऱ्यांना बंद गळ्याचा कोट द्या, काळा किंवा गडद निळा, खाली साधी काळी पँट. टायचा प्रश्नच मिटला. कोल्हापूरला शिंपी काय कमी आहेत? शेरवानी असेल तर तीही उत्तम. पायात मात्र बंद बूट किंवा मोजडी, उघडी चप्पल नको. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगताना मला जड जातंय, पण चप्पल दिवसा डेकवर घालू देत.

बाकीच्या पाच रात्री नीट पँट आणि कॉलरचा शर्ट चालतो, वर जाकीट असेल तर छानच. आणि एखाद्या गाला रात्री त्यांना खरंच कंटाळा आला, तर किंग्ज कोर्ट हा बुफे आणि गोल्डन लायन हे पब साध्या नीटनेटक्या कपड्यांसाठी मोकळे असतात. फिश अँड चिप्स तिथे मिळतात.

आता पैठणी. एक गोष्ट आधी लक्षात ठेवा, घरची इस्त्री बॅगेत टाकू नका. केबिनमध्ये इस्त्री आणि वाफेचं स्टीमर दोन्हींना बंदी असते, आगीच्या भीतीने. समुद्रात आगीइतकी भीती आम्हाला दुसऱ्या कशाची नव्हती. बंदरावर बॅग एक्स-रेमधून जाते, इस्त्री दिसली की बाजूला काढतात आणि सफर संपल्यावर परत देतात. क्वीन मेरी २वर प्रवाशांसाठी धुलाईची खोली आहे, तिथे इस्त्री करता येते. रॉयल कॅरिबियनवर आणि नॉर्वेजियनच्या बहुतेक बोटींवर अशी खोली नसते, तिथे लॉन्ड्रीत पैसे देऊनच.

तरी पैठणीला इस्त्री लागूच नये अशी बांधा. सासूबाईंना हे जास्त ठाऊक असेल, पण सांगतो: जुन्या सुती साडीत किंवा मलमलच्या कापडात गुंडाळायची, पदराची जर आत, घडीवर वजन नको, बॅगेत सगळ्यात वर. पहिल्या संध्याकाळीच काढून हँगरला लावायची. आणि ही साडी हातातल्या बॅगेत ठेवायची, बंदरावर देऊन टाकायच्या बॅगेत नाही. सासऱ्यांचा कोटही त्याच बॅगेत. हरवली किंवा उशिरा आली तर टूथब्रश बोटीवर मिळेल, पैठणी मिळणार नाही.

उंच टाचा नकोत. अटलांटिकमध्ये बोट हलते, जमिनीवर सरळ चालणारा माणूसही तिथे भिंत धरतो. नऊवारी नेसत असतील तर तीच नेसू द्या, चालायला सोयीची. आणि डायनिंग रूममध्ये एसी फार गार असतो, शाल हाताशी असू द्या. न्यूयॉर्ककडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे झोपायला एक तास जास्त. ज्येष्ठांना ही बाजू सोयीची, हे तुम्ही नकळत छान निवडलंत.

मी रागाने लिहितोय. गेल्या दिवाळीत आम्ही एका बोटीवर होतो. दिवसभर किनाऱ्यावर फिरून थकून आलो, तसाच तीन-चतुर्थांश पँटमध्ये जेवायला गेलो तर दारातून परत पाठवलं. बायकोमुलांसमोर. लाखभर रुपये आम्ही भरले होते. — एक वाचक, दादर

तुमचा राग मला समजतो. मी दाराच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, तरीही.

नियम असतो, तो दारावरच्या माणसाने केलेला नसतो, आणि त्याने तो पाळला नाही तर त्याला जाब द्यावा लागतो. पण सांगण्याची एक रीत असते. माणसाला बायकोमुलांसमोर थांबवायचं नाही. बाजूला घ्यायचं, हळू आवाजात सांगायचं, आणि त्याच दमात दुसरी वाट दाखवायची. तुमच्याबाबत ते झालं नाही, हे चुकलंच.

माझ्याकडूनही ते एकदा चुकलं आहे. दारावर उभं राहायला लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत, फॉर्मल रात्री, एक तरुण मुलगा चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये आला. मी सगळ्यांदेखत त्याला ‘नॉट टुनाइट, सर’ म्हणून वळवलं. तो काही न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगच्या मित्राकडून कळलं, विमानात त्याची बॅग राहिली होती, दोन दिवस तो त्याच कपड्यांत होता, आणि त्या रात्री त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. सगळं कुटुंब आत टेबलावर त्याची वाट पाहत होतं. मी त्याच्या केबिनवर जाऊन माफी मागितली. केक पाठवला. पण ती संध्याकाळ मला परत आणता आली नाही.

त्यानंतर मी आमच्या बोटीवर दारामागच्या कपाटात चार-पाच कोट, तीन काळ्या पँट आणि दोन जोडी बूट ठेवायला सुरुवात केली. कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी निघालेल्या सहकाऱ्यांकडून मागून घेतलेले. कोणी अडलेला दिसला की आधी बॅगेचं विचारायचो, मग कपाट उघडायचो. बऱ्याच बोटींवर असे कोट उसने मिळतात, कोणी पाटी लावत नाही एवढंच. पुढच्या वेळी विचारा.

आणि एक व्यवहाराचं. फॉर्मल रात्र शक्यतो बोट दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात, ती याचसाठी, की किनाऱ्यावरून दमून आलेल्या माणसाला कपड्यांचं ओझं होऊ नये. बंदराच्या दिवशी वेळ कमी असेल, तर सरळ बुफेत जा, किंवा केबिनमध्ये मागवा. रूम सर्व्हिस काही बोटींवर फुकट, काहींवर त्याचे पैसे पडतात, कार्डावर लिहिलेलं असतं.

एका वेळी दोन स्टार्टर मागवले तर हावरट दिसेल का? — एक वाचक, वाशी

मुळीच नाही. दोन स्टार्टर आणि एक सूप मागवा, मुख्य पदार्थ दोघांत वाटून घ्या, नाही आवडला तर दुसरा मागा. डायनिंग रूममध्ये यासाठी वेगळे पैसे नसतात. काही कंपन्या तिसऱ्या मुख्य पदार्थाचे किंवा दुसऱ्या लॉबस्टरचे पैसे लावतात, तेवढं मेन्यूवर बघा. लॉबस्टर बहुधा फॉर्मल रात्रीच असतो. मासे खाणाऱ्या मालवणी माणसाने त्या रात्री बुफेत बसू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

शेवटच्या रात्री काय घालायचं आणि वेटरला वेगळी टिप द्यायची का? — एक वाचक, सोलापूर

शेवटची रात्र पहिलीसारखीच साधी. मध्यरात्रीच्या आत मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावर मिळतात. म्हणून जेवायला जाताना जे घातलंय ते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना घालायचे कपडे, आधी बाजूला काढा. औषधं आणि पासपोर्टही. सगळं बॅगेत भरून बाहेर ठेवलं आणि सकाळी अंगात घालायला काही उरलं नाही, अशी माणसं दर सफरीत एक-दोन असतातच.

टिप बहुतेक बोटींवर रोजच्या रोज तुमच्या खात्यात लागते, माणशी साधारण १६ ते २० डॉलर, आणि ती वेटर, केबिनवाले, गॅलीतले सगळे यांच्यात वाटली जाते. तिकिटाबरोबरच ती भरलीय का, ते तिकीट काढणाऱ्याला विचारा. ती खात्यातून काढून टाकायला सांगू नका, एवढी विनंती आहे. वर आणखी द्यायचं की नाही, ते तुमच्यावर.

पण पैशापेक्षा एक गोष्ट त्याला जास्त उपयोगी पडते. सफर संपली की ईमेलवर अभिप्रायाचा फॉर्म येतो. त्यात वेटरचं नाव लिहा. पुढचं कॉन्ट्रॅक्ट, चांगलं स्टेशन म्हणजे वाढायला चांगली टेबलं, हेड वेटरची बढती, हे सगळं या नावांवर बरंच अवलंबून असतं. मला पहिली बढती मिळाली तेव्हा साहेबांनी समोर ठेवलेल्या कागदावर चौदा पाहुण्यांनी लिहिलेलं माझं नाव होतं, त्यातलं नऊ ठिकाणी स्पेलिंग चुकीचं. तरीही त्यांनी ते ओळखून मोजलं होतं. तुम्ही मात्र त्याच्या छातीवरचा बिल्ला नीट पाहून लिहा. नावाखाली गावाचं नाही, पण देशाचं नाव असतं.